सतरा तासांचा रोजा, ताशी कोटा

जूनमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. सहेरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे जेवण, पहाटे साडेतीनच्या आसपास आटोपावे लागते. आपल्याकडच्या रोजेदाराला तेरा-चौदा तास काढायचे असतात. तिथे उन्हाळ्यात रमजान आला तर रोजा सुमारे सतरा तासांचा होतो. २०१८ चा रमजान असाच मे-जूनमध्ये आला होता. मिनियापोलिस शहराजवळ शाकोपी नावाचे गाव आहे. तिथे ॲमेझॉन कंपनीचे अवाढव्य गोदाम २०१६ मध्ये सुरू झाले आणि त्यात सोमालियातून आलेले मुस्लिम स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने कामाला लागले. त्या रमजानच्या सुमारास त्यांनी कंपनीपुढे जी मागणी ठेवली, तिच्यात पगाराचा मुद्दा पहिला नव्हता. रोजाच्या महिन्यात ताशी कामाचा कोटा थोडा हलका करावा आणि नमाजला गेलेली मिनिटे कामचुकारपणात धरू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते.

मागणी ऐकायला लहान वाटते, पण आज घरोघरी चाललेल्या एका वादाची किल्ली तिच्यात आहे. मुलगा किंवा मुलगी मोठ्या कंपनीत लागली की पेढे वाटले जातात. सहा महिन्यांनी तीच आई शेजारणीला सांगते, ‘जेवायला फुरसत नाही हो त्याला.’ देशातल्या बड्या उद्योजकांपैकी एकाने २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. २०२५ च्या सुरुवातीला दुसऱ्याने तो आकडा ९० वर नेला. मग टीव्हीवर दोन पक्ष पडले. एक म्हणतो, मेहनतीशिवाय काही मिळत नाही. दुसरा म्हणतो, ही पिळवणूक आहे. शाकोपीची हकीकत पाहिली तर दोघेही अर्धीच गोष्ट सांगतात, असे दिसते.

आधी चांगली बाजू पाहू, कारण ती खरी आहे. १९९१ मध्ये सोमालियातले सरकार कोसळले, यादवी युद्ध पेटले आणि लाखो लोक देशोधडीला लागले. निर्वासितांच्या छावण्यांत वर्षे काढून त्यांतले हजारो जण मिनेसोटात पोहोचले. आज अमेरिकेतली सर्वांत मोठी सोमाली वस्ती याच राज्यात आहे. इंग्रजी कच्चे, शिक्षणाची कागदपत्रे युद्धात गेलेली, हिवाळा हाडे गोठवणारा. अशा माणसाला काम कोण देणार? सुरुवातीला मिळाले ते कोंबड्या आणि मांस कापण्याच्या कारखान्यांत. मग ॲमेझॉन आली. अनुभवाची अट नाही, मुलाखतीत फारसे विचारणे नाही. मिनियापोलिसमधल्या सिडर-रिव्हरसाइड या सोमाली मोहल्ल्यातून गोदामापर्यंत बसचीही सोय झाली. पूर्णवेळ कामगाराला पहिल्या दिवसापासून आरोग्यविमा. अमेरिकेत दवाखान्याचे एक बिल घर विकायला लावते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या विम्याची किंमत कळेल. १ नोव्हेंबर २०१८ पासून कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या सर्व कामगारांचे किमान वेतन ताशी १५ डॉलर केले. देशाच्या कायद्याने ठरलेले किमान वेतन तेव्हा ७.२५ डॉलर होते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ज्याला पुढे शिकायचे आहे त्याच्या फीचा मोठा भाग भरण्याची योजनाही कंपनी २०१२ पासून चालवते.

याच पैशांतून मोगादिशूला, नैरोबीला म्हाताऱ्या आईवडिलांकडे दर महिन्याला रक्कम जाते. आखातातल्या पगारावर कोकणातली घरे उभी राहिलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्यामुळे ‘एवढा त्रास आहे तर सोडत का नाहीत’ हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी स्वतःच्या घरातला जमाखर्च आठवावा.

आता दुसरी बाजू. अशा गोदामात माणूस मालाकडे जात नाही, मालच माणसाकडे येतो. बसक्या चाकांची यंत्रे अख्ख्या मांडण्या पाठीवर घेऊन कामगारापुढे आणून उभ्या करतात. पडद्यावर वस्तूचे चित्र येते. ती उचलायची, स्कॅनरपुढे धरायची, खोक्यात टाकायची, की पुढची मांडणी हजर. दहा तासांची पाळी, मध्ये जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी आणि दोन छोट्या सुट्ट्या. प्रत्येक कामाला ताशी आकडा ठरलेला असतो. आपल्याकडून तासाला दोनशेहून जास्त वस्तूंची अपेक्षा असते आणि हा आकडा वर वरच जातो, असे शाकोपीतले कामगार सांगत. दोनशे म्हटले तर एका वस्तूला अठरा सेकंद. दोन स्कॅनच्या मधल्या रिकाम्या वेळाचीही नोंद होते. ही रिकामी मिनिटे ठरावीक मर्यादेपलीकडे साचली की कामगाराला जाब द्यावा लागतो.

या रिकाम्या मिनिटांतच सगळे येते. पाणी पिणे येते, लघवीला जाऊन येणे येते. कंबर सरळ करणे येते. गोदाम एवढे मोठे, की नुसते स्वच्छतागृहापर्यंत चालत जाऊन परत यायला वेळ लागतो. पाच वेळची नमाज एकेका वेळी काही मिनिटांचीच असते, पण त्याआधी वुजू करावे लागते, म्हणजे हात, तोंड, पाय धुवावे लागतात. उन्हाळ्यात पाचांपैकी दोन नमाज तरी पाळीच्या आत येतात. रात्रपाळीवाल्याच्या तर इफ्तारची वेळही पाळीतच येते. दिवसभराचा रोजा नऊ वाजता एका खजुरावर सोडायचा आणि तोंडातला घास संपायच्या आत मांडणीपुढे उभे राहायचे.

कंपनीचे उत्तरही इथे सांगितले पाहिजे. वीस मिनिटांपेक्षा कमी वेळाच्या नमाजचे पैसे कापले जात नाहीत, जास्त वेळ हवा असेल तर बिनपगारी सुट्टी मागता येते आणि त्या वेळेपुरता कोटाही कमी धरला जातो, असे कंपनीने जाहीरपणे सांगितले होते. कागदावर हे बरोबरच आहे. कामगारांचे गाऱ्हाणे मात्र असे होते, की पगार कापला नाही तरी आकडा मागे पडतो, आणि आकडा मागे पडला की नोकरीची भीती. म्हणजे नमाजची परवानगी आहे, पण तिची भरपाई पुढच्या तासात दुप्पट धावून करायची. आणि ही धाव सतरा तास अन्नपाण्याशिवाय असलेल्या अंगाने.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण रमजानच्या लेखांत दरवर्षी येते. शाकोपीत मजुरी वेळेवर मिळत होती, त्याबद्दल तक्रारच नव्हती. त्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मात्र कमी वेळा आठवली जाते. हाताखालच्या माणसावर त्याच्या ताकदीबाहेरचे काम लादू नका, आणि लादलेच तर त्याला स्वतः हात लावा. कोटा ठरवणाऱ्याने एक पाळी त्या मांडणीपुढे उभे राहून पाहावे, असाच त्याचा आजच्या भाषेतला अर्थ होतो.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला वाटेल, यात नवीन काय? आम्हीही बारा-बारा तास उभे राहिलो, मजुरी कापडाच्या मापावर घेतली, माग थांबला तर नुकसान आमचेच. खरे आहे. ते काम सोपे नव्हते आणि आजही नाही. कोणी त्याचे गोडवे गाऊ नयेत. पण त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे हिशेब डोळ्यांपुढे असायचा. किती कापड झाले, दर काय, हातात किती पडणार, हे निरक्षर कारागीरही बोटांवर सांगायचा. दुसरी म्हणजे हिशेब ठेवणारा माणूस असायचा. मुकादम ओरडायचा, शिव्या द्यायचा, पण त्याच्याशी भांडता यायचे. घरी पोर आजारी आहे हे त्याला सांगता यायचे. मालेगावात माग शुक्रवारी बंद राहतात, हेसुद्धा कुठल्या यंत्राने ठरवले नाही. माणसांनी माणसांशी बोलून ठरवले.

ॲमेझॉनच्या गोदामात मुकादमाची जागा आकड्याने घेतली. २०१९ मध्ये कंपनीच्याच वकिलाचे एक पत्र उघड झाले. बाल्टिमोरमधल्या एका गोदामातून साधारण वर्षभरात ३०० च्या आसपास लोकांना काम कमी भरते म्हणून काढले होते, असे त्यातून समजले. इशाऱ्याचा कागद आणि कामावरून काढण्याचा कागद, दोन्ही यंत्रणा आपोआप तयार करते, हेही त्यातूनच कळले. वरिष्ठाला तो निर्णय फिरवता येतो, असे कंपनीचे म्हणणे. येतही असेल. पण रोज शेकडो कामगारांचे आकडे पाहणारा वरिष्ठ किती वेळा फिरवेल? २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले, की महासाथीच्या आधीपासूनच या कंपनीत तासावर काम करणाऱ्यांची गळती वर्षाला सुमारे १५० टक्के होती. म्हणजे जेवढी माणसे कामावर आहेत, त्यांच्या दीडपट माणसे वर्षभरात सोडून जातात आणि तेवढीच नवी भरावी लागतात. ‘ज्याला जमत नाही त्याने सोडावे’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. लोक सोडतच आहेत. दर वर्षी नव्या दमाची माणसे येत राहतात, म्हणून जुन्यांच्या गुडघ्यांची काळजी कोणाला करावी लागत नाही.

हा ताण फक्त गोदामातच आहे, असेही नाही. सिएटलच्या मुख्यालयात लठ्ठ पगारावर काम करणारे अभियंतेही त्यातून सुटलेले नाहीत आणि त्यांत पुण्या-मुंबईची मुलेही आहेत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या कार्यालयांतल्या वातावरणावर मोठा वृत्तांत छापला. मध्यरात्री येणाऱ्या ईमेल, सहकाऱ्याबद्दल वरिष्ठाला परस्पर कळवण्याची सोय, टेबलाशी बसून रडणारी माणसे असे बरेच काही त्यात होते. कंपनीचे संस्थापक जेफ बेझोस यांनी ‘ही आपली ॲमेझॉन नव्हे’ अशा अर्थाचे पत्र कर्मचाऱ्यांना लिहिले. तरीही तिथे जाण्यासाठी रांगा लागतात. शिकायला मिळते ते दुसरीकडे मिळत नाही, हे सोडून गेलेलेही मान्य करतात. शिवाय शेअर मिळतात. पण ते कसे मिळतात हे पाहण्यासारखे आहे. कबूल केलेल्या शेअरपैकी पहिल्या वर्षी ५ टक्के हाती येतात, दुसऱ्या वर्षी १५, आणि उरलेले ८० टक्के तिसऱ्या-चौथ्या वर्षी. मोठा घास ताटात शेवटी वाढायचा, म्हणजे पाहुणा मध्येच उठत नाही. आणि उठवायचे ठरले, तर यजमान मागेपुढे पाहत नाही. २०२२ च्या अखेरीपासून पुढच्या काही महिन्यांत कंपनीने सुमारे २७,००० जणांना कमी केले. त्यांत बहुतेक कार्यालयात बसणारेच होते.

शाकोपीतल्या लोकांकडे शेअरही नव्हते आणि इंग्रजीही बेताचे होते. पण त्यांच्याकडे मोहल्ला होता. एकाच बसने येणारी, एकाच मशिदीत जाणारी, एकमेकांच्या लग्नाला हजर असणारी माणसे. त्यांनी ‘अवूद’ नावाच्या केंद्राच्या आधाराने एकत्र यायला सुरुवात केली. सोमालीत या शब्दाचा अर्थ ताकद. अमेरिकेत तोवर कामगार संघटनेला दारात उभी न करणाऱ्या या कंपनीचे अधिकारी त्यांच्याशी बोलायला बसले. रमजानमध्ये काम हलके करण्याचे आणि नमाजसाठी जागा देण्याचे ठरले. ते पुरेसे नाही, असे म्हणून १४ डिसेंबर २०१८ रोजी, नाताळच्या ऐन गर्दीच्या दिवसांत, कामगार थंडीत गोदामाबाहेर उभे राहिले. १५ जुलै २०१९ ला कंपनीच्या वार्षिक स्वस्ताईच्या दिवशी त्यांनी काही तासांचा संप केला. सिएटलहून काही अभियंते विमानाने येऊन त्यांच्याबरोबर फाटकाबाहेर उभे राहिले. संपात जेमतेम पंधरा कामगार होते, असे कंपनीने सांगितले. असतीलही. ज्याच्या घरभाड्याची तारीख पहिली आहे, त्याला संप परवडत नाही. पण मागणी संख्येने लहान असली तरी ती तिथे थांबली नाही.

मे २०२३ मध्ये मिनेसोटाने गोदाम कामगारांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून तो लागू झाला. मोठ्या गोदामांच्या मालकाने प्रत्येक कामगाराला त्याचा कोटा लेखी दिला पाहिजे, तोही त्याला समजेल अशा भाषेत. जो कोटा लेखी सांगितलेलाच नाही, तो पुरा केला नाही म्हणून कोणावर कारवाई करता येत नाही. ज्या कोट्यामुळे जेवण, विश्रांती, प्रार्थना किंवा स्वच्छतागृहात जाणे अशक्य होईल, तो कोटा लादता येत नाही, आणि स्वच्छतागृहापर्यंत चालत जाण्याचा वेळसुद्धा त्यात धरलेला आहे. असा पहिला कायदा कॅलिफोर्नियाने २०२२ पासून लागू केला होता. प्रार्थनेचा स्पष्ट उल्लेख मिनेसोटाने केला, आणि तो कुठून आला हे सांगायला नको.

या कायद्याचा फायदा कोणाला झाला, हे पाहिले पाहिजे. रोजा ठेवणाऱ्या सोमाली बाईला झालाच. पण मधुमेहामुळे वारंवार उठावे लागणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्यालाही झाला, गरोदर मेक्सिकन मुलीलाही झाला. मागणी नमाजच्या नावाने सुरू झाली, कारण नमाजला ठरलेली वेळ असते आणि ती टाळता येत नाही. तहान टाळता येते, लघवी दाबता येते. लोक वर्षानुवर्षे दाबत आले. ज्यांना टाळता येण्यासारखे नव्हते ते आधी बोलले, एवढाच फरक.

दुसऱ्या बाजूने असाच एक धागा त्याच कंपनीच्या पार्सलांशी येऊन मिळतो. पेनसिल्व्हेनियात जेराल्ड ग्रॉफ नावाचे एक टपाल कर्मचारी होते, श्रद्धाळू ख्रिस्ती. रविवार त्यांच्या दृष्टीने देवाचा वार, त्या दिवशी काम करायचे नाही. टपाल खात्याने ॲमेझॉनची पार्सले रविवारीही वाटण्याचे काम घेतले आणि त्यांची अडचण सुरू झाली. नोकरी सुटली, खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. जून २०२३ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितले, की धार्मिक कारणासाठी सवलत नाकारायची असेल तर मालकाला थोडीशी गैरसोय दाखवून चालणार नाही, धंद्यावर खरोखर मोठा भार पडतो हे दाखवावे लागेल. या खटल्यात ग्रॉफ यांच्या बाजूने मुस्लिम, शीख आणि ज्यू संघटनांनीही न्यायालयात आपले म्हणणे मांडले होते. रविवार एकाचा, शुक्रवार दुसऱ्याचा, शनिवार तिसऱ्याचा. त्या सगळ्यांवर चालून आलेले घड्याळ मात्र एकच.

ते घड्याळ आता आपल्याकडेही पोहोचले आहे. ॲमेझॉनने २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू केली, तेव्हा पहिले गोदाम भिवंडीत उघडले. नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना आज अनेक कंपन्यांच्या गोदामांची रांग लागली आहे. कालपर्यंत मागावर असलेल्या घरांतली मुले आणि उत्तर भारतातून आलेली मुले तिथे खांद्याला खांदा लावून माल चढवतात, उतरवतात. त्यांतल्या अनेकांसाठी ही आयुष्यातली पहिली नोकरी, जिच्यात पगार बँकेत जमा होतो आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मिळतो. ही कमाई छोटी नाही. पण जून २०२४ मध्ये हरियाणातल्या मानेसर इथल्या ॲमेझॉनच्या गोदामातून बातमी आली. २४ फुटी सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाण्याला किंवा स्वच्छतागृहात जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याचे त्यात म्हटले होते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेतली. कंपनीने चौकशी केली आणि तो एका ठिकाणचा, न शोभणारा प्रकार असल्याचे सांगितले. रणरणत्या मे महिन्यातली ही गोष्ट आहे. रोजेदार स्वतःच्या मर्जीने पाणी सोडतो आणि संध्याकाळी ते केव्हा मिळणार हे त्याला मिनिटासह ठाऊक असते. त्या मुलांचे पाणी सहाव्या ट्रकपाशी अडकले होते, आणि सहावा ट्रक केव्हा रिकामा होईल हे कोणालाच सांगता येत नव्हते.

कामाचे तास, जेवणाची सुट्टी, जादा कामाचा मोबदला यांबद्दल आपल्याकडे कायदे आहेत. ते किती पाळले जातात हा वेगळा विषय. पण तासाला किती खोकी, किती पार्सले, हा आकडा कामगाराला लेखी द्या, असे सांगणारा मिनेसोटासारखा कायदा आपल्याकडे नाही. मागायचे तर हे मागण्यासारखे आहे. कंपन्या जाव्यात असे कोणाला वाटत नाही, भिवंडीला तर नाहीच. काम कडक असू दे. सहेरी करून पाळीला जाणारा मुलगा कामाला घाबरत नाही. त्याला आज किती करायचे हे सकाळी कळावे, आणि मगरिबच्या अजानला पाण्याचा घोट घ्यायला तो बाजूला झाला तर ती दोन मिनिटे कुठे लिहिली जातात हे त्याला पाहता यावे.

मिनेसोटात तो कागद सोमाली भाषेतही द्यावा लागतो. भिवंडीत तो मराठीत, हिंदीत आणि उर्दूत काढावा लागेल, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोणी तरी वाचून दाखवावा लागेल. छापायला फारसा खर्च नाही. त्यावर आकडा मात्र लिहावा लागेल.